लष्करी हद्दीला खेटून जाणारे हवाई मार्ग : वाटाघाटी नेमक्या कशाच्या होतात?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न निघाला होता की तणावाच्या भागाजवळून प्रवासी विमानं जातातच कशाला. तिथे अवांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय. मी एकतीस वर्षं एरिया कंट्रोलमध्ये, म्हणजे मार्गावर उडणाऱ्या विमानांना सांभाळणाऱ्या विभागात, कंट्रोलर होतो आणि शेवटची काही वर्षं लष्कराबरोबरच्या समन्वय बैठकांना बसायचो. जागांची आणि माणसांची नावं घेणार नाही. कामाची रीत मात्र सांगतो, कारण ती बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते.

लोकांना वाटतं की भांडण नकाशावरच्या रेघेवरून होतं, म्हणजे मार्ग पाच मैल अलीकडे घ्या की पलीकडे. रेघेवर एक-दोन बैठका जातात, हे खरं. बाकीचा सगळा वेळ जातो तो एका फोनवर. आमच्या टेबलावरून त्यांच्या टेबलावर थेट वाजणारा फोन असेल का, तो कोण उचलेल, रात्री तीनला उचलेल का, आणि उचलणाऱ्याला 'हो' म्हणायचा अधिकार असेल का? या चार प्रश्नांची उत्तरं पक्की झाली की रेघ थोडी जवळ असली तरी चालते. ती नसतील, तर रेघ पन्नास मैल लांब असूनही मला झोप लागायची नाही.

१ सप्टेंबर १९८३ आठवा. कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान अँकरेजहून सोलला निघालं होतं. त्याचा ठरलेला मार्ग, रोमिओ २०, कामचाट्काजवळ सोव्हिएत हद्दीपासून जेमतेम २८ किलोमीटरवरून जायचा. ऑटोपायलट चुकीच्या मोडवर राहिला आणि विमान हळूहळू उत्तरेला सरकत गेलं, कामचाट्का ओलांडून थेट साखालिनवर. शेवटच्या काही मिनिटांत टोकियोच्या कंट्रोलरने त्याला ३५,००० फुटांवर चढायची परवानगी दिली. चढताना विमानाचा वेग कमी झाला. मागावर असलेल्या सुखोई-१५ च्या वैमानिकाला ती हुलकावणी वाटली. विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं गेली.

त्या क्षणी टोकियोतल्या खोलीला माहीत होतं की हे प्रवासी विमान आहे, पण ते कुठे आहे हे माहीत नव्हतं. सोव्हिएत खोलीला ते कुठे आहे हे नेमकं दिसत होतं, पण काय आहे हे कळत नव्हतं. दोन्ही खोल्यांकडे अर्धी अर्धी माहिती होती आणि मध्ये फोन नव्हता. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, अमेरिका, जपान आणि सोव्हिएत संघाने करार करून अँकरेज, टोकियो आणि खाबारोव्स्क यांच्यात थेट लाइन टाकली. शीतयुद्ध ऐन भरात असताना!

वाचणाऱ्यांपैकी कुणी या क्षेत्रात असेल तर जरूर लिहा.

---

पायपीट

वाचनखूण साठवली आहे. अर्ध्या-अर्ध्या माहितीचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला.

---

दर्यावर्दी

उत्तरवारा साहेब, लेख आवडला, पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत असं वाटतं. सरळ नियम करा की लष्करी भागापासून १०० किमीच्या आत प्रवासी विमान येणार नाही. इंधन थोडं जास्त जाईल, जाऊ दे. माणसाच्या जिवापेक्षा इंधन मोठं आहे का?

---

शुक्रचांदणी

@दर्यावर्दी, मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे, रोज हेच मार्ग आखते. तुमची तळमळ समजते, पण १०० किमीचा नियम लावला तर कित्येक अरुंद समुद्रांवर मार्गच उरणार नाही. एका बाजूच्या किनाऱ्यापासून शंभर आणि दुसऱ्या बाजूपासून शंभर मोजलं की मधलं पाणी संपतं.

शिवाय एक आकाश बंद केलं की तिथली विमानं नाहीशी होत नाहीत, शेजारच्या आकाशात जातात. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनचं आकाश बंद झालं आणि बऱ्याच कंपन्यांना रशियाचंही बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो साडेनऊ तासांत व्हायचं, तिथे उत्तर ध्रुवाला वळसा घालून तेरा तास लागायला लागले. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचं आकाश बंद झालं तेव्हा युरोप-आशियाची गर्दी अझरबैजान आणि जॉर्जियावरच्या चिंचोळ्या पट्टीत किंवा खाली सौदीवर उतरली. माझ्या स्क्रीनवर त्या रात्री पट्टीत मुंग्यांची रांग लागावी तशी विमानं दिसत होती. गर्दी हाही धोकाच असतो. लांबच्या वळशात वादळ आलं तर हाताशी इंधन कमी, उतरायला जवळचं विमानतळ कमी. त्यामुळे 'लांबून जा' हे उत्तर दरवेळी सुरक्षित असतंच असं नाही.

---

दर्यावर्दी

@शुक्रचांदणी ताई, हा विचार केला नव्हता. मान्य. पण मग २०१४ मध्ये युक्रेनवर पाडलेल्या एमएच १७ या मलेशियन प्रवासी विमानाचं काय? तिथे तर उंचीचा नियम होता म्हणतात.

---

कलमदान

दर्यावर्दींच्या प्रश्नाकडे येण्याआधी कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो, कारण पुढे तिचाच आधार लागेल.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण मालकी दिली. कलम ९ नुसार लष्करी गरजेसाठी देश आपलं आकाश बंद ठेवू शकतो, पण ती बंदी सगळ्या परदेशी विमानांना सारखी लागू हवी, देश बघून भेदभाव करता येत नाही. हा करार नागरी विमानांपुरता आहे, लष्करी विमानांना लागू नाही. मात्र लष्करी विमानांचे नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेची 'योग्य ती दखल' घ्यावी, असं कलम ३ मध्ये आहे. सगळी वाटाघाट या तीन शब्दांवर उभी असते. दखल म्हणजे किती, हे करार सांगत नाही.

००७ नंतर १० मे १९८४ रोजी कलम ३ बिस, म्हणजे कलम ३ ला जोडलेलं नवं कलम, मंजूर झालं : उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवण्यापासून देशांनी दूर राहावं. ते अंमलात यायला मात्र १९९८ चा ऑक्टोबर उजाडला.

आणखी एक. मालकीचं आकाश किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच. त्यापलीकडे खुल्या समुद्रावर कुणालाही 'इथे येऊ नका' असा हुकूम काढता येत नाही. धोक्याचं क्षेत्र जाहीर करता येतं, एवढंच. बरेच देश १२ मैलांच्या कितीतरी बाहेरपर्यंत हवाई संरक्षणाचा ओळख-पट्टा आखतात, पण तो पट्टा म्हणजे हद्द नव्हे. विमानाने तिथे आपली ओळख द्यावी, एवढीच अपेक्षा असते. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास गल्लत होते.

---

उत्तरवारा

कलमदान, फार नेमकं लिहिलंत. 'योग्य ती दखल' या शब्दांवर मी एका बैठकीत अख्खी दुपार घालवली आहे.

दर्यावर्दी, एमएच १७ बद्दल. १४ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनमध्ये एक लष्करी मालवाहू विमान पाडलं गेलं. त्याच दिवशी ३२,००० फुटांखालचं आकाश नागरी विमानांना बंद केलं. वरचं उघडं राहिलं. १७ तारखेला एमएच १७ हे ३३,००० फुटांवर होतं, म्हणजे नियमात बसत होतं. क्षेपणास्त्राला तो नियम माहीत नव्हता. २९८ माणसं. त्या दिवशी बंद होईपर्यंत त्याच भागावरून १६० विमानं गेली होती. डच सुरक्षा मंडळाने २०१५ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की आकाश पूर्ण बंद करायला पुरेसं कारण होतं.

माझ्या आधीच्या लिखाणातली मर्यादा इथे दिसते आणि ती मला मान्य करायची आहे. ज्याच्या हातात शस्त्र आहे तो ओळखीच्या खोलीत बसलेला असेल तरच फोनचा उपयोग. पूर्व युक्रेनमध्ये ज्यांच्या हातात ती यंत्रणा होती ते कुठल्याच कंट्रोल रूमच्या फोनवर नव्हते. अशा ठिकाणी वाटाघाट करायची नाही. आकाश बंद करायचं, जमिनीपासून अमर्याद उंचीपर्यंत. देश हे स्वतःहून क्वचित करतात, कारण बंद करणं म्हणजे आपला ताबा सुटला अशी कबुली, आणि वरून जाणाऱ्या विमानांकडून मिळणारं शुल्कही बुडतं.

---

शुक्रचांदणी

काका, याला जोडून इराण एअर ६५५. ३ जुलै १९८८, बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं हे विमान उडाल्यावर सात मिनिटांत अमेरिकन युद्धनौकेने पाडलं, २९० माणसं गेली. तिथे तर नियमित सेवा होती, अंबर ५९ हा छापील मार्ग होता आणि विमान त्या मार्गाच्या पट्ट्यातच होतं. युद्धनौकेने आधी इशारे दिले होते, त्यातले बहुतेक लष्करी आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर. ती प्रवासी विमानात नसतेच. काही १२१.५ या नागरी आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर दिले, पण त्यात 'अनोळखी विमान' असा पुकारा आणि जहाजाने मोजलेला वेग. कॉकपिटमधल्या माणसाला कसं कळावं की हे आपल्यालाच म्हणताहेत? आणि वैमानिक ज्या नागरी फ्रिक्वेन्सीवर कंट्रोलशी बोलत होते, ती ऐकायची सोय जहाजावर नव्हती. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, चौकशीत हे आलं.

आमच्या प्रशिक्षणात हा प्रसंग शिकवला तेव्हा मी वर्गातून बाहेर जाऊन पाणी प्यायले होते. नुसता एक रेडिओ हवा होता हो.

---

पायपीट

उत्तरवारा काका, बैठकीत नक्की काय बोलणं होतं ते सांगा ना. आम्हाला चित्रच उभं राहत नाही. सैन्याचे लोक कारण सांगतात का?

---

उत्तरवारा

पायपीट, कारण सांगत नाहीत आणि आम्ही विचारतही नाही. ही पहिली शिस्त. 'तिथे काय चालतं' असं विचारलंत की समोरची फाईल मिटते. विचारायचं ते तीनच : कुठली उंची, कुठली वेळ, कुठला कोपरा.

सुरुवातीला लष्कराकडून एक मोठा चौकोन येतो, जमिनीपासून अमर्याद उंचीपर्यंत, चोवीस तास, बारा महिने. यात वाईट हेतू नसतो. चौकोन आखणाऱ्याला उद्याची गरज माहीत नसते, म्हणून तो सगळंच मागून ठेवतो. मग आम्ही आमच्या कागदांवर दाखवतो की या चौकोनामुळे रोज किती विमानं वळसा घेतात. बोलता बोलता निघतं की सराव होतो तो दिवसा, आणि आमची लांब पल्ल्याची गर्दी असते रात्री. किंवा गोळीबार दक्षिणेच्या तुकड्यातच होतो, उत्तरेचा अर्धा भाग नुसता मोकळी जागा म्हणून ठेवलेला असतो. मग चौकोनाचे दोन तुकडे पाडायचे, त्यांना वेगवेगळी नावं द्यायची आणि वरची उंची ठरवायची. एवढं झालं की निम्मं काम झालं.

युरोपात हे १९९६ पासून रीतसर चालतं. आकाश नागरी किंवा लष्करी असं कायमचं वाटायचं नाही, ते एकच समजायचं आणि ज्याला ज्या वेळी लागेल त्या वेळी त्याने वापरायचं. वर्षाचा आराखडा वरिष्ठ ठरवतात, उद्याचं वाटप आदल्या दिवशी एका संयुक्त कक्षात होतं, आणि प्रत्यक्ष त्या मिनिटाला काय करायचं ते दोन कंट्रोलर आपसात. काही मार्ग तर सशर्तच असतात, सराव नसेल तेव्हा उघडे.

आता खरा अडचणीचा मुद्दा : ढग. मार्ग कितीही नीट आखा, वादळ मार्गावरच उभं राहतं. एका रात्रीचं सांगतो. माझ्याकडे एकामागोमाग सहा विमानं होती आणि मार्गावर मोठा गडगडाटी ढग. पहिल्याने विचारलं, 'डावीकडे पंधरा मैल मिळेल का?' डावीकडे लष्करी एरिया, २८,००० फुटांपर्यंत हॉट, म्हणजे चालू. चार विमानं त्याच्या वर होती, त्यांना सोडलं. दोन खाली होती, चढायला जागा नव्हती. उजवीकडे समोरून येणारा ट्रॅफिक. हॉटलाइन उचलली. पलीकडून आवाज आला, 'बोला.' मी दोन विमानांची उंची, जागा आणि लागणारी वेळ सांगितली. 'दोन मिनिटं थांबा.' मी घड्याळाकडे बघत बसलो. दीड मिनिटाने : 'उत्तरेचा तुकडा रिलीज, वीस मिनिटं.' दोन्ही विमानं वळली. मागे बसलेल्या प्रवाशांना खिडकीतून विजा दिसल्या असतील, त्यापलीकडे काही नाही.

हे 'दोन मिनिटं' आकाशातून पडलं नव्हतं. आधीच्या मसुद्यात होतं की अशी विनंती लेखी पाठवावी आणि उत्तर मिळेपर्यंत वाट पाहावी. ढगाला लेखी कसं थांबवायचं? ते वाक्य काढून तिथे ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला जागेवर रिलीज द्यायचा अधिकार आणणं, यासाठी आम्ही सात महिने भांडलो. समोरचे अधिकारीही वरच्यांशी आमच्या बाजूने भांडले, हे मुद्दाम नोंदवतो.

---

लॉगबुक

सुंदर. मी हवाई इतिहास वाचतो, म्हणून बर्लिनचं उदाहरण द्यायलाच हवं.

नोव्हेंबर १९४५ मध्ये चार दोस्त राष्ट्रांनी पश्चिम जर्मनीतून बर्लिनला जाणारे तीन हवाई पट्टे ठरवले, प्रत्येकी २० मैल रुंद, हॅम्बुर्ग, हॅनोव्हर आणि फ्रँकफर्टच्या दिशेने. खाली सगळीकडे सोव्हिएत सैन्य. नंतर १०,००० फुटांच्या वर जायला सोव्हिएत बाजूने आक्षेप घेतला आणि तीच उंची रूढ झाली. पुढे १९६६ पासून पॅन ॲमची बोइंग ७२७ ही जेट विमानंसुद्धा या पट्ट्यात १०,००० फुटांखालीच उडत. जर्मन विमान कंपनीला तर १९९० पर्यंत तिथे परवानगीच नव्हती.

या सगळ्याचं नियंत्रण बर्लिन हवाई सुरक्षा केंद्राकडे होतं. अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच आणि सोव्हिएत अधिकारी एकाच खोलीत, चोवीस तास. प्रत्येक विमानाचं एक कार्ड बनायचं आणि ते सोव्हिएत टेबलावर जायचं. पटलं नाही तर ते त्यावर शिक्का मारत : उड्डाणाच्या सुरक्षिततेची हमी नाही. शिक्का मारलेलं विमानही उडायचं.

१९४८ मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी चार राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेतून उठून गेले, पाठोपाठ बर्लिनची नाकेबंदी झाली, रेल्वे आणि रस्ते बंद. पण या खोलीतली सोव्हिएत खुर्ची रिकामी झाली नाही. खोली १९९० च्या शेवटापर्यंत चालली. सगळं सुरळीत होतं असं नाही, एप्रिल १९५२ मध्ये एअर फ्रान्सच्या विमानावर मिग विमानांनी गोळ्या झाडल्या होत्या. ते कसंबसं टेंपलहोफला उतरलं. तरी पंचेचाळीस वर्षं!

उत्तरवारांचा फोनचा मुद्दा इथे अजून पुढे जातो. इथे फोनचीही गरज नव्हती, शेजारच्या टेबलाकडे कार्ड सरकवायचं.

---

कलमदान

लॉगबुक, उत्तम. याच्या नेमकं उलट उदाहरण : पूर्व चीन समुद्रातला अकारा पट्टा. १९८३ मध्ये चीन आणि दक्षिण कोरियाचे राजनैतिक संबंध नव्हते. चीन-जपान विमानांचा मार्ग मात्र कोरियाच्या नियंत्रण क्षेत्रातून जायचा. आयकाओच्या मध्यस्थीने तोडगा निघाला की त्या पट्ट्यात विमानांशी शांघाय आणि जपानचे कंट्रोलर बोलतील. क्षेत्र कोरियाचं, आवाज दुसऱ्यांचे. त्या पट्ट्याला कोरियातून दक्षिणेकडे जाणारे मार्ग आडवे छेदत होते. १९९२ मध्ये चीन-कोरिया संबंध जुळले, तरी व्यवस्था तशीच राहिली. २०१८ आणि २०१९ मध्ये विमानं धोकादायक जवळ आल्याच्या घटना घडल्या, आणि मार्च २०२१ मध्ये नवी व्यवस्था सुरू झाली. तात्पुरता तोडगा अडतीस वर्षं चालला.

---

दर्यावर्दी

आणि करार मोडला तर? तैवानच्या सामुद्रधुनीतल्या एम ५०३ मार्गाबद्दल वाचलंय. २०१५ मध्ये तैवानच्या हरकतीनंतर चीनने मार्ग सहा सागरी मैल पश्चिमेला सरकवला, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून तो सरकवलेला भाग एकतर्फी रद्द केला. मग बैठकांना काय अर्थ राहिला?

---

उत्तरवारा

दर्यावर्दी, प्रश्न बोचरा आहे आणि योग्य आहे. रेघ एकतर्फी बदलता येते, आपण ती अडवू शकत नाही. म्हणून तर मी रेघेवर फार विसंबत नाही. उत्तर आणि दक्षिण कोरिया तांत्रिकदृष्ट्या आजही युद्धात आहेत, तरी १९९८ मध्ये प्योंगयांगचं नियंत्रण क्षेत्र परदेशी विमानांना खुलं झालं ते दोन्हीकडच्या कंट्रोलरमध्ये थेट लाइन टाकल्यावरच. २०१० मध्ये राजकारण बिघडलं आणि दक्षिणेच्या विमानांनी तो मार्ग सोडला. दुःख झालं, पण कुणाचा जीव गेला नाही. मार्ग बंद होणं हे अपयश असेल, विमान पडणं ही वेगळी गोष्ट आहे.

---

शुक्रचांदणी

आताची नवी काळजी सांगते. ००७ नंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापराला देण्याचं जाहीर केलं, म्हणजे पुन्हा कुणी असं भरकटू नये. आणि सप्टेंबर २०२३ पासून इराक-इराण सीमेलगतच्या मार्गावर विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळायला लागले. यंत्र सांगतं आपण मार्गावर आहोत आणि विमान दुसरीकडेच असतं. सीमेला लागून असलेल्या मार्गावर हे झालं की ४० वर्षांपूर्वीचीच परिस्थिती. अशा भागात आम्ही आता वैमानिकांना वेगळी सूचना देतो की जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जागा पडताळत राहा आणि शंका आली की लगेच कंट्रोलला विचारा. म्हणजे पुन्हा माणसाच्या आवाजावरच येतो.

---

पायपीट

काका, एक शेवटचं. समजा ऐन वेळी तो फोनच लागला नाही तर?

---

उत्तरवारा

पायपीट, हाच प्रश्न मी पहिल्या बैठकीत विचारला होता.

शिफ्टवर आलो की आधीच्या माणसाकडून ट्रॅफिक समजून घ्यायचा, आणि खुर्चीत बसल्यावर पहिलं काम हॉटलाइन उचलायची. 'लाइन चेक, कसं ऐकू येतंय?' 'स्पष्ट.' वेळ वहीत लिहायची. दर शिफ्टला, दोन्ही बाजूंनी. एकदा पहाटे घंटा वाजत राहिली आणि कुणी उचलला नाही. दुसऱ्या लाइनवरही नाही. एरियाची वेळ संपलेली होती, कागदावर तो कोल्ड होता. तरी मी तो हॉट धरला आणि येणारी विमानं लांबच्या मार्गाने वळवली. पंचेचाळीस मिनिटांनी फोन आला, केबल तुटली होती. कंपन्यांनी उशिराबद्दल तक्रारी केल्या, त्या मी घेतल्या.

मला तसं करता आलं कारण करारात एक वाक्य होतं : संपर्क होत नसेल तर एरिया चालू आहे असं समजावं. लष्कराला आधी ते नको होतं, आमच्यातल्याही काहींना नको होतं. चार बैठका गेल्या. ते पहिल्या पानावर छापलं गेलं.